दुसऱ्या नाकाची कैफियत

माझ्या एका दिवंगत स्नेह्याची कन्या गेल्या भाद्रपदात माझ्याकडे आली ती एक खाकी पाकीट घेऊन आली, आणि चहा निवेपर्यंत त्या पाकिटाविषयी अवाक्षरही न काढता अखेरीस तिने त्यातली छायाचित्रे मेजावर ओळीने मांडली. शाळेच्या स्नेहसंमेलनातले एक, पदवीदानाच्या झग्यातले एक, वडिलांच्या साठीच्या दिवशीचे एक, अशी ती सहा छायाचित्रे होती. सहाहींत तिचा चेहरा एका बाजूने दिसत होता, आणि सहाहींत नाकाच्या दांड्यावर मधोमध तो लहानसा उंचवटा होता, जो मी तिच्या वडिलांच्या नाकावर चाळीस वर्षे पाहिला आणि ज्याच्यावर त्यांचा चष्मा एखाद्या वतनदाराने वतनावर बसावे तसा ठाण मांडून बसत असे.

“काका, हे मला परत हवंय,” ती म्हणाली.

सात वर्षांपूर्वी, लग्नाची बोलणी चालू असताना, कोणा पाहुण्याच्या एका अनुदार शब्दावरून तिने तो उंचवटा काढून घेतला होता. काढणारा सर्जन नामांकित होता, रुग्णालय झगमगीत होते, आणि पहिले वर्षभर सर्वांनी तिची वाहवाही केली. मग सूज पूर्णपणे उतरली आणि आतले बांधकाम त्वचेतून दिसू लागले: दांडा मधोमध खचलेला, शेंड्याच्या दोन्ही बाजू चिमटीत धरल्यासारख्या आवळलेल्या, डाव्या नाकपुडीची कड वर ओढली गेलेली. याहून वाईट गोष्ट आरशात दिसणारी नव्हती. रात्री उशीला डोके टेकले की नाकातून श्वास आत घ्यावा तशी नाकपुडी आतल्या आत मिटत असे, आणि तिला तोंड उघडे ठेवून निजावे लागे. तिच्या मुलाने एकदा विचारले की आई झोपेत मासोळीसारखे का करते, तेव्हा तिने हे पाकीट भरायला घेतले.

मी वैद्य नव्हे. परंतु नाकाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास हा माझ्या वाचनाचा एक जुना, काहीसा चमत्कारिक छंद आहे, हे तिला वडिलांकडून ठाऊक होते. म्हणून तिच्याबरोबर पुण्यातल्या एका सर्जनांकडे गेलो. बिघडलेली नाके दुरुस्त करणे हेच त्यांचे मुख्य काम. त्यांच्या धंद्यातली माणसे त्याला ‘रिव्हिजन’ म्हणतात. त्यांनी छायाचित्रे पाहिली, पुन्हा पाकिटात घातली, पाकीट बाजूला ठेवले आणि बॅटरी हातात घेतली. नाकाच्या आत पाहून झाल्यावर त्यांनी तिला श्वास घ्यायला सांगितला आणि त्याच वेळी दोन बोटांनी तिचा गाल हलकेच बाहेरच्या बाजूला ताणला. सात वर्षांनी तिच्या नाकातून हवा सुखरूप आत गेली. तिचे डोळे भरून आले. सर्जनांनी, सवयीने असेल, तिकडे पाहिले नाही.

“हे परत मी देऊ शकत नाही,” पाकिटावर बोट ठेवून ते म्हणाले. “जे काढलं ते त्याच दिवशी टाकून दिलं गेलं. मला दुसरं बांधावं लागेल, आणि त्यासाठी सामान तुमच्याच अंगातून दुसरीकडून आणावं लागेल.”

घरी येताना रिक्षात ती गप्प होती. मी मात्र ‘परत’ या शब्दात अडकलो होतो. केस कापले तर परत येतात, दिलेले पैसे परत मागता येतात, न्यायालयाचा फैसला अपिलात फिरतो. त्यामुळे चांगल्या सर्जनाला गाठले तर नाकही फिरवता येईल अशी समजूत माणसाची सहज होते. वस्तुस्थिती अशी की नाकाची पहिली शस्त्रक्रिया बहुधा वजाबाकीची असते आणि दुसरी बेरजेची. आणि ही बेरीज करण्याची विद्या जगाला जिथून मिळाली त्या गावातच आमची रिक्षा त्या वेळी वाहतुकीत अडकून पडली होती.

ती हकिकत इंग्रजी दप्तरात नमूद आहे. १७९२ साली संपलेल्या टिपूबरोबरच्या लढाईत इंग्रजी फौजेच्या बैलांचा हाक्या असलेला एक इसम टिपूच्या शिपायांच्या हाती सापडला, आणि त्यांनी त्याचे नाक व एक हात कापून त्याला सोडून दिले. कागदोपत्री त्याचे नाव ‘कावसजी’ असे पडले आहे. नाव ऐकून पारशी वाटावे असे असले तरी त्याच वृत्तांतात त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटले आहे, तेव्हा मूळ नाव काय होते याचा निवाडा वाचकांनी आपापल्या कानांनी करावा. सुमारे १२ महिने तो नाकावाचून वावरला, कंपनी सरकारचे निवृत्तिवेतन खात राहिला, आणि मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या, म्हणजे आपल्या भाषेत कुंभाराच्या, हातून त्याने नवे नाक बसवून घेतले. मुंबई इलाख्यातल्या दोघा इंग्रज सर्जनांनी ही क्रिया समक्ष पाहिली. तिचे वर्णन लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आले. आणि सवाई माधवराव व नाना फडणवीस यांची चित्रे ज्याने रंगवली त्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने या बैलहाक्याचेही चित्र काढले. पेशव्यांच्या पंक्तीला बसण्याचा मान कावसजीला त्याच्या नाकाने मिळवून दिला.

त्या वर्णनातली कारागिरी आजही वाचताना थक्क करते. कुंभार प्रथम मेणाची पातळ पट्टी नाकाच्या खुंटावर बसवून तिला नाकाचा आकार देई; मग ती पट्टी उकलून, सपाट करून कपाळावर ठेवी आणि तिच्या कडेने रेघ ओढी. तेवढे कातडे तो कपाळावरून सोडवी, परंतु दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी शाबूत राखी, कारण त्या पट्टीतूनच नव्या नाकाला रक्ताचा पुरवठा होणार असे. सोडवलेले कातडे पिळा देऊन खाली उतरवायचे, खुंटाच्या कडांना केलेल्या चिरेत बसवायचे, आणि टाके न घालता काथ पाण्यात भिजवून फडक्याच्या पट्ट्यांना लावून त्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या. चार दिवस हाच लेप. त्यानंतर तुपात भिजवलेली फडकी. पाच-सहा दिवस रोग्याने उताणे निजायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून आत मऊ कापडाचे बोळे. आणि सुमारे २५ व्या दिवशी, नव्या जागी मूळ धरले याची खात्री पटल्यावर, ती डोळ्यांमधली पट्टी छेदायची. काथ, तूप, मेण आणि फडके! यातली एकही वस्तू अशी नाही जी त्या काळच्या पुण्यातल्या कुठल्याही घरात मिळाली नसती.

मासिकातला हा मजकूर वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनाने ही क्रिया आधी प्रेतांवर करून पाहिली, १८१४ मध्ये ती जिवंत माणसावर केली, आणि १८१६ मध्ये दोन यशस्वी शस्त्रक्रियांचा वृत्तांत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. दोन वर्षांनी बर्लिनच्या ग्रॅफेने आपल्या जर्मन ग्रंथाला जे नाव दिले त्यातून आजचा ‘ऱ्हायनोप्लास्टी’ हा शब्द रूढ झाला. कपाळाचे कातडे वळवून नाक करण्याच्या रीतीला आजही जगभर ‘भारतीय पद्धत’ म्हणतात.

या परंपरेचे मूळ सुश्रुतापर्यंत जाते हे आपण व्यासपीठावरून पुष्कळ ऐकतो, आणि ऐकताना छाती फुगवून घेतो. परंतु सुश्रुताच्या त्या श्लोकांचा शेवट सहसा कोणी सांगत नाही. सूत्रस्थानाच्या १६ व्या अध्यायात, वेलीचे पान नाकाच्या मापाचे घेऊन गालावरून तेवढे मांस सोडवून नाक कसे जोडावे, श्वासासाठी दोन नळ्या कशा घालाव्यात, वर कोणती चूर्णे भुरभुरावीत, हे सांगून झाल्यावर आचार्य थांबत नाहीत. भरून आलेले नाक जर कमी पडले असेल तर ते पुन्हा वाढवण्याचा यत्न करावा, आणि मांस फाजील वाढले असेल तर ते सम करावे, असेही ते सांगतात. म्हणजे पहिल्या क्रियेच्या विधीतच तिच्या दुरुस्तीची तजवीज आहे. आपल्या हातून न्यून राहील, अधिक होईल, हे गृहीत धरूनच हा ग्रंथकार लिहितो; त्याच्या थोरवीची खूण मला पानाच्या मापापेक्षा या कबुलीत अधिक दिसते.

मग वजाबाकी कुठून आली? कापलेले नाक जोडून घेणाऱ्याला समाजात पुन्हा तोंड दाखवायचे असे. सुस्थितीत असलेले नाक लहान करून घेणाऱ्यालाही वेगळे काही नको होते, फक्त त्याच्या अंगावर जखम नव्हती. १८८७ मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर गावच्या जॉन ऑर्लंडो रो याने नाकाच्या आतून, बाहेर व्रण न ठेवता, नकटे नाक सुधारण्याची रीत प्रसिद्ध केली. परंतु या शास्त्राचा पाया घातला तो बर्लिनच्या याकोब योसेफ ऊर्फ जाक योसेफ याने. हा मूळचा अस्थिव्यंगाचा वैद्य. १८९६ मध्ये एका मुलाचे बाहेर आलेले कान त्याने आत बसवले, आणि अशा ‘निष्कारण’ शस्त्रक्रियेबद्दल त्याला नोकरी गमवावी लागली. १८९८ मध्ये त्याने एका तरुण जमीनदाराचे मोठे नाक लहान केले. त्या माणसाला लोकांच्या नजरांमुळे समाजात वावरणे असह्य झाले होते आणि क्रियेनंतर त्याची उदासी मावळली, असे योसेफने वैद्यकसभेपुढे मांडले. योसेफ स्वतः ज्यू होता, आणि त्याच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढणाऱ्यांत असे पुष्कळ ज्यू होते ज्यांना आपले नाक हा आपल्या जातीचा दाखला वाटत असे व तो दाखला फाडून टाकायचा होता. १९३४ मध्ये तो वारला, तेव्हा जर्मनीत हिटलरची सत्ता येऊन एक वर्ष झाले होते. नाक बदलल्याने तो दाखला फाटत नाही, हे त्यानंतरच्या दहा वर्षांत युरोपला कळले.

योसेफच्या करवती आणि छिन्न्या त्याच्या शिष्यांनी व शिष्यांच्या शिष्यांनी अमेरिकेत नेल्या, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर तिकडे एक विशिष्ट नाक, आखूड, खोलगट, शेंडा किंचित वर उचललेले, कारखान्यातून निघावे तसे निघू लागले. बिघाड समजायचा तर इथे नाकाची रचना थोडी पाहावी लागेल. वरचा तिसरा हिस्सा हाडाचा, खालचे दोन हिस्से कूर्चेचे, आणि मधोमध पडदा हा तंबूच्या खांबासारखा. उंचवटा काढताना तंबूचा कळसच छाटला जातो. छप्पर उघडे पडते, ते मिटवण्यासाठी दोन्ही बाजूंची हाडे तोडून आत आणावी लागतात. मधल्या कूर्चा पडद्यापासून सुट्या होऊन आत पडल्या की दांड्यावर उलट्या ‘व्ही’ अक्षराची सावली उमटते. शेंड्याच्या कूर्चा अधिक छाटल्या तर शेंडा चिमटतो आणि नाकपुडीची कड वर चढते. पडद्याचा आधार कमी होऊन शेंडा बसला आणि त्याच्या वरची जागा व्रणाने भरली तर पोपटाच्या चोचीसारखा बाक येतो. या सगळ्यात सर्वांत वाईट गोष्ट अशी की शस्त्रक्रियेच्या दिवशी, टाके घालताना, यांतले बहुतेक काही दिसत नाही. त्वचेखाली व्रण आकसत जातो आणि दुर्बळ झालेली चौकट वर्षानुवर्षे त्याच्यापुढे हार खात राहते.

श्वासाचा प्रश्न याच चौकटीचा. पडदा आणि वरची कूर्चा यांच्यामध्ये साधारण १० ते १५ अंशांचा एक कोन असतो. नाकातला सर्वांत अरुंद दरवाजा तो. नळीतून संथ वाहणाऱ्या प्रवाहाविषयी प्वाझय या फ्रेंच वैद्याने काढलेला नियम असा की नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. नाक म्हणजे काही काचेची नळी नव्हे, तरीही मिलिमीटरभर काढलेल्या कूर्चेची किंमत रात्री उशीवर का चुकवावी लागते याचा अंदाज या हिशेबावरून यावा. त्या दिवशी सर्जनांनी गाल ताणून पाहिला तो हाच दरवाजा.

वजाबाकीच्या या राज्यात पहिला ठळक विरोधी आवाज लॉस एंजेलिसच्या जॅक शीन याने उठवला. दुसऱ्यांनी केलेली नाके दुरुस्त करता करता त्याच्या ध्यानात आले की बहुतेक रोग्यांना आणखी काढण्याची नव्हे, घालण्याची गरज आहे. १९७८ च्या त्याच्या ग्रंथाने आणि १९८४ मध्ये मांडलेल्या, त्या अरुंद कोनात कूर्चेच्या दोन चिपा पाचरीसारख्या बसवून दरवाजा उघडा ठेवण्याच्या युक्तीने, पुष्कळांचे विचार पालटले. दोनशे वर्षांची प्रदक्षिणा करून ही विद्या पुन्हा त्या कुंभाराच्या अंगणात आली असे मला वाटते, मात्र कुंभार कातडे आणत असे आणि हे कूर्चा आणतात.

घालायचे ते काय, हा प्रश्न मात्र निसरडा. १९०० च्या सुमारास व्हिएन्नाच्या गेर्सुनीने पॅराफिन म्हणजे मेण टोचून खड्डे भरण्याची टूम काढली. पॅरिसमध्ये वाढलेली ग्लॅडिस डीकन ही अमेरिकन तरुणी त्या वेळी युरोपातल्या सुंदर स्त्रियांत गणली जात असे. १९०३ मध्ये आपल्या नाकाचा दांडा ग्रीक पुतळ्यासारखा सरळ व्हावा म्हणून तिने तिथे मेण टोचून घेतले. ते मेण कालांतराने जागा सोडून खाली हनुवटीकडे उतरले. पुढे ती मार्लबरोची डचेस झाली, ब्लेनिम राजवाड्याच्या दर्शनी छतावर तिचे निळे डोळे रंगवले गेले, परंतु ऊतींत झिरपलेले ते मेण कोणालाही बाहेर काढता आले नाही. १९७७ मध्ये ती वारली. आज सोलच्या गंगनाम भागात सिलिकॉनच्या कांड्या बसवतात. त्यांतली एखादी पुढे संसर्गाने बिघडली तर भोवतीचा व्रण आवळून सबंध नाकच आखूड होते, आणि तिथल्या सर्जनांना अशा आकसलेल्या नाकांचा एक वेगळाच विभाग सांभाळावा लागतो. आणि हल्ली ज्याला त्याला सुचणारा मार्ग म्हणजे फिलर. हायल्युरॉनिक आम्लाचा हा द्रव विरघळवता येतो ही त्याची जमेची बाजू. परंतु नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असल्याने तो चुकून वाहिनीत शिरला तर दृष्टी कायमची जाऊ शकते, आणि ज्या नाकावर एकदा सुरी चालली आहे तिथल्या वाहिन्या नेहमीच्या जागी असतीलच असे नाही. आमच्या सर्जनांपाशी फिलरचा विषय मी काढला, तेव्हा त्यांनी केवळ मान हलवली आणि विषय मिटला.

इथवर नाकाच्या तक्रारींविषयी बोललो. काही तक्रारी मात्र नाकात नसतात, आणि दुरुस्तीच्या दवाखान्यात त्यांची गर्दी पहिल्या शस्त्रक्रियेच्या दवाखान्याहून अधिक असते. १८९१ मध्येच इटलीच्या मोर्सेली या मनोवैद्याने नसलेले व्यंग दिसण्याच्या या व्याधीला ‘डिस्मॉर्फोफोबिया’ असे नाव दिले. तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे सेर्गेई पांकेयेफ हा रशियन सरदारपुत्र. झाडावर बसलेल्या पांढऱ्या लांडग्यांच्या स्वप्नामुळे तो मनोविश्लेषणाच्या इतिहासात ‘वुल्फ मॅन’ म्हणून अजरामर झाला. पहिल्या महायुद्धापूर्वी फ्रॉइडने त्याच्यावर चार वर्षे उपचार केले होते. क्रांतीत जमीनजुमला गेल्यावर तो व्हिएन्नात विमा कंपनीत कारकुनी करीत राहिला. १९२६ मध्ये तो रूथ मॅक ब्रन्सविक या फ्रॉइडच्या शिष्येकडे आला तो नाकाची तक्रार घेऊन. तैलग्रंथी चोंदल्या म्हणून एका नामवंत त्वचावैद्याने विजेच्या सुईने त्याच्या नाकावर उपचार केला होता, आणि तिथे आता एक खड्डा, एक चर, कायमचा राहिला आहे, आपल्या आयुष्याचा नाश झाला आहे, असे त्याच्या मनाने घेतले. खिशात आरसा, दर थोड्या वेळाने तो काढायचा, पाहायचे, पावडर लावायची, पुन्हा पाहायचे. दुसऱ्या कोणालाही त्या नाकावर काही वावगे दिसत नव्हते. ब्रन्सविकबाईंनी १९२८ मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध केला. तो वाचताना मला नेहमी असे वाटते की त्या माणसाने गमावले होते ते एक साम्राज्य, एक घराणे, एक देश, आणि या सगळ्याची वसुली तो नाकाच्या शेंड्यावरच्या रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान अशा जागेवर लावू पाहत होता. अशा माणसावर शस्त्र चालवणारा सर्जन त्याला आणखी एक खड्डा देतो, एवढेच.

मग खरी तक्रार आणि ही व्याधी वेगळी कशी ओळखायची? मी सर्जनांना विचारले. ते म्हणाले, “मी रोग्याला सांगतो, बोट ठेवून दाखवा. जो दाखवतो आणि मलाही ते दिसतं, त्याच्याशी पुढे बोलतो. ज्याचं बोट दर वेळी वेगळ्या जागी जातं, त्याला थांबायला सांगतो.” थोडे थांबून पुढे म्हणाले, “आणि तिसरे असतात. त्यांचं बोटही बरोबर असतं, पण दुखणं दुसरीकडे असतं. ते सर्वांत अवघड.”

तिसऱ्यांत कोण, हे त्यांनी सांगितले नाही. मला जेनिफर ग्रे आठवली. ‘डर्टी डान्सिंग’ या १९८७ च्या चित्रपटाने घरोघरी पोहोचलेल्या या अभिनेत्रीने काही वर्षांनी नाकाची शस्त्रक्रिया करून घेतली, मग पहिल्या क्रियेतला दोष काढण्यासाठी दुसरी, आणि त्या दुसरीनंतर ओळखीच्या माणसांनी तिला ओळखणे बंद केले. २०२२ च्या आत्मचरित्रात तिने हे सविस्तर लिहिले आहे. तिच्या नाकाला नाव ठेवायला जागा नव्हती. ते फक्त तिचे नव्हते. यावर कोणता दुरुस्तीवाला काय करणार? सुश्रुताने हीन आणि अतिवृद्ध एवढेच दोन दोष सांगितले. ‘परके’ हा दोष त्याच्या यादीत नाही.

आमच्या कन्येचे बोट बरोबर जागी जात होते. पुढची अडचण निराळ्याच दप्तरातली निघाली. सर्जनांना पहिल्या शस्त्रक्रियेची टिपणे हवी होती, कारण पडद्यातली कूर्चा त्या वेळी काढली होती की शिल्लक आहे, हे उघडण्याआधी कळले तर निम्मे काम सोपे होते. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रोग्याने मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत कागद द्यावे लागतात. परंतु त्याच नियमांप्रमाणे ते जपण्याची सक्ती ३ वर्षांचीच आहे. सात वर्षे उलटली होती. अर्ज दिला, पोच मिळाली, आणि कागद उपलब्ध नाहीत असे एका ओळीचे उत्तर आले. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले, संमती म्हणजे कागदावरची सही नव्हे तर समजून दिलेला होकार हे २००८ मध्ये. दोन्ही निवाडे माझ्या वकील मित्राने आम्हाला वाचून दाखवले, आणि मग शांतपणे सांगितले की तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची असते. ज्या नाकाची सूज उतरायलाच वर्ष लागते, ज्याच्या मालकिणीला दोन वर्षे आप्तेष्ट ‘छान झालंय गं’ म्हणून गप्प बसवतात, त्या नाकाला ही मुदत पाळणे कसे जमावे, हे संसदेतल्या कोणाला कधी विचारावेसे वाटते. तिला मात्र खटल्यात रस नव्हताच. “भांडून श्वास येणार आहे का?” ती म्हणाली.

शस्त्रक्रिया माघात झाली. पहिल्या वेळी दीड तास लागला होता. या वेळी सकाळी आठला आत नेलेल्या तिला दुपारी दोननंतर बाहेर आणले. नाक उघडल्यावर पडद्यात उपयोगी कूर्चा जवळजवळ नव्हती, म्हणून उजव्या बाजूच्या सातव्या बरगडीची घ्यावी लागली. छेद छातीखालच्या घडीत लपवला होता. बरगडीची कूर्चा दिसायला सरळ, पण कोरली की हळूहळू वाकते. कोरीव तुकडा मध्यातून व दोन्ही बाजूंना समतोल घेतला तर वाकत नाही, हे गिब्सन आणि डेव्हिस या दोघांनी १९५८ मध्ये दाखवून दिले, आणि सुतार-मेस्त्रींना लाकडाबाबत ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सर्जनांनी काही तुकडे कोरून अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवले, वाकतात का पाहिले, वाकलेला एक टाकून दिला. दोन चिपा त्या अरुंद दरवाज्यात बसवल्या. एक खांब शेंड्याखाली. दांडा भरण्यासाठी उरलेल्या कूर्चेचे बारीक तुकडे करून ते कानशिलावरच्या स्नायूच्या पातळ आवरणात गुंडाळले, आणि ही लहानशी वळकटी दांड्यावर ठेवून बोटांनी दाबून तिला आकार दिला. हे त्यांनी मला नंतर सांगितले तेव्हा त्यांची बोटे नकळत हवेत फिरत होती, आणि मला मेणाची पट्टी दिसली.

डाव्या नाकपुडीची कड खाली आणायला त्यांना कानाच्या वाटीतून त्वचेसकट कूर्चेचा एक तुकडा घ्यावा लागला. त्याचे कारण मजेशीर आहे. क्रियेच्या आदल्या दिवशी, सह्या वगैरे सगळे आटोपल्यावर, “काही विचारायचं राहिलं का?” असे त्यांनी विचारले, तेव्हा तिने पुन्हा पर्स उघडली. आता पुन्हा छायाचित्रे निघणार अशी मला धास्ती वाटली. निघाली ती एक डबी, आणि डबीतून तिच्या आजीची नथ, बसऱ्याच्या मोत्यांची, एक मोती निखळलेली. पहिल्या क्रियेपासून कड वर चढल्यामुळे नथ उलटी फिरून गालाला टोचत असे, म्हणून तिने सात वर्षे ती घातलेली नव्हती. “उंचवटा राहू द्या,” ती म्हणाली, “पण ही बसेल असं करा.” सर्जनांनी नथ हातात घेतली, तिचे वजन तळव्यावर पाहिले, तिच्या नाकपुडीशी धरली, आणि शाईच्या लेखणीने कडेवर एक लहानशी रेघ ओढली.

उंचवटा अर्थातच आला नाही. वडिलांचा चष्मा तिच्या नाकावर आता बसणार नाही. रात्री ती तोंड मिटून निजते, असे तिच्या मुलाने मला गंभीरपणे कळवले आहे. शेंडा अजून सुजलेला आहे, स्पर्शाला बधिर आहे, आणि थंडीत लाल होतो. कानातून आणलेला तुकडा पहिले चार दिवस निळाकाळा पडला होता तेव्हा सगळ्यांचेच धाबे दणाणले होते, पण पाचव्या दिवशी त्याच्यात गुलाबी रंग उतरला. नथ इतक्यात घालायची नाही, असा हुकूम आहे. पुढच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला पाहू, असे सर्जन म्हणाले आहेत. दरम्यान तिने निखळलेला मोती गाठवून घेतला आहे आणि डबी कपाटात वरच्या कप्प्यात, त्या खाकी पाकिटावर, ठेवली आहे.